गावाची मिसल कशी वाचावी: मालगुजारी काळातले नागपूरचे जमिनीचे कागद

नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाचा जुना कागद हातात आला की माणूस आधी आजोबा-पणजोबांचे नाव शोधतो. नाव सापडले की खूश होतो आणि 'ही जमीन आमच्या मालकीची होती' असे ठरवून टाकतो. चूक नेमकी इथेच होते. मालगुजारीच्या काळात एकाच वावरावर तीन-तीन माणसांचे हक्क असत: सरकारला मालगुजारी (गावाचा महसूल) भरणारा, त्याला लगान देणारा आणि प्रत्यक्ष नांगर धरणारा. कागदावर तिघांचीही नावे असू शकतात. म्हणून या कागदात नावाआधी हक्काचा रकाना वाचायचा. पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

हे कागद झाले कसे

भोसल्यांच्या राज्यात पाटील गावाचा वसूल गोळा करून सरकारात भरत असे. जमा (सरकारला भरायची रक्कम) ठरवून घ्यायची, कुळांना वावरे वाटायची, पडीत लागवडीला आणायची ही कामे त्याची. गाव त्याच्या हातात होते, पण मालक म्हणून नव्हे. 1853 मध्ये तिसरे रघूजी वारले, दत्तक नामंजूर झाला, आणि 1854 मध्ये राज्य खालसा झाले. 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्याच दशकात तीस वर्षांचा पहिला मोठा बंदोबस्त, म्हणजे जमिनीचा महसूल आणि हक्क ठरवण्याचे काम, झाला. त्या बंदोबस्तात इंग्रजांनी गावाचा वसूल भरणाऱ्याला गावाचा मालक करून टाकले. पाटलाचा मालगुजार झाला तो असा. पिढ्यान् पिढ्या तेच वावर कसणारा शेतकरी एका सहीने त्याचे कूळ ठरला. पण ज्यांची वहिवाट फार जुनी होती किंवा ज्यांनी जमिनीवर पैसा घातला होता, त्यांना वेगळे हक्क देऊन वाचवण्याचा प्रयत्नही त्याच बंदोबस्तात झाला. इतके वर्ग दिसतात ते त्यामुळे.

दुसरा बंदोबस्त 1890 च्या दशकात झाला, तिसरा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. मधे 1896-97 आणि 1899-1900 हे दोन दुष्काळ येऊन गेले. हा क्रम डोक्यात पक्का ठेवा. दोन बंदोबस्तांच्या कागदांत नावे बदललेली दिसली तर पहिला संशय सावकारावर न घेता या दोन वर्षांवर घ्यावा.

आधी गाव नक्की करा

हे सोपे वाटते, पण निम्मे अर्ज इथेच परत येतात. आजच्या सातबाऱ्यावरून मौजाचे नाव, पटवारी हलका नंबर (प.ह.नं.) आणि खसरा नंबर (वावराचा नंबर) उतरवून घ्या. मग जुना तहसील शोधा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जिल्ह्यात नागपूर, रामटेक, उमरेड आणि काटोल हेच तहसील होते. आज गाव मौद्यात, कुहीत, भिवापुरात किंवा पारशिवनीत असले तरी जुने बस्ते यांपैकी एखाद्या नावाखाली बांधलेले असतात. वर्धा जिल्हा 1862 मध्ये नागपुरातून वेगळा झाला. वर्ध्याकडच्या गावाचा त्याआधीचा कागद हवा असेल तर नागपूरच्या नावाखाली शोधावा लागतो.

एकाच नावाची दोन-तीन गावे असतात. खुर्द आणि बुद्रुक पाहा, आणि 'रिठी' हा शब्द कधीही गाळू नका. रिठी म्हणजे वस्ती उठून गेलेले गाव. माणसे शेजारच्या गावात राहतात, पण मौजा स्वतंत्र, नकाशा स्वतंत्र, खसरा नंबर पुन्हा 1 पासून सुरू. आजोबा राहत होते त्या गावाच्या मिसलीत (बंदोबस्ताच्या कागदांत) वावर सापडत नसेल तर ते बहुधा शेजारच्या रिठीत असते.

मागे जाण्याचा क्रम

थेट जुन्या मिसलीवर उडी घेऊ नका. आजच्या सातबाऱ्यावरून फेरफार गाठा. एकेक फेरफार मागे नेत 1954-55 च्या अधिकार अभिलेखापर्यंत (जमिनीवरच्या हक्कांच्या नोंदीपर्यंत) पोचा. हा अभिलेख या साखळीचा बिजागर आहे. मालगुजारी 31 मार्च 1951 ला संपली, मध्य प्रदेशची जमीन महसूल संहिता 1 ऑक्टोबर 1955 पासून लागू झाली, आणि जुने हक्क नव्या नावांत बसवण्याचे काम याच काळात झाले. त्याच्या मागे तिसऱ्या बंदोबस्ताची मिसल, तिच्या मागे दुसऱ्याची, मग पहिल्याची.

प्रत्येक टप्प्यावर खसरा नंबर तोच राहील असे धरू नका. जुन्या एका नंबरचे पुढे 41/1, 41/2 असे तुकडे होतात. नवी मोजणी झाली की नंबर साफ बदलतात. एकत्रीकरण योजना झालेल्या गावात तर खसऱ्याऐवजी गट नंबर येतो. जुना नंबर आणि नवा नंबर जुळवणारा तक्ता मागून घ्या. तो मिळत नसेल तर दोन्ही नकाशे शेजारी ठेवून नाला, पांदण, तलावाची पाळ आणि शिवेवरचे दगड यांवरून वावर ओळखा. नाला सहसा जागा सोडत नाही. धुरे (वावरांचे बांध) मात्र सरकतात.

नकलेचा अर्ज तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात किंवा भूमी अभिलेख कार्यालयात करायचा. स्कॅन झालेले कागद 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर गावनिहाय पाहता येतात, तिथे आधी शोधा. अर्जात 'माझ्या जमिनीचे सर्व जुने कागद' असे लिहू नका. असा अर्ज कोणी शोधत बसत नाही. कागदाचे नाव, वर्ष, मौजा, जुना तहसील, खसरा नंबर आणि खातेदाराचे नाव असे सुटे सुटे लिहा. नक्कल साक्षांकित मागा. मोबाईलवर काढलेला फोटो पुराव्याला चालत नाही.

मिसलीत काय काय असते

बंदोबस्ताची मिसल म्हणजे एका गावाच्या कागदांची चळत. खसऱ्यात प्रत्येक वावराचा नंबर, क्षेत्र, मातीचा प्रकार, पीक आणि कसणाऱ्याचे नाव असते. जमाबंदी खातेवार असते: कोणाकडे किती नंबर, किती एकर, किती लगान. शिवाय हिस्सेदारांची यादी, नकाशा, आणि वाजिब-उल-अर्ज. हा शेवटचा कागद लोक न वाचताच परत देतात. तसे करू नका, त्याच्याबद्दल पुढे लिहिले आहे.

हक्काचा रकाना

जमाबंदीत बऱ्याचदा खाती वर्गवार मांडलेली असतात. वर्गाचे नाव पानाच्या माथ्यावर किंवा गटाच्या सुरुवातीला एकदाच येते, प्रत्येक नावासमोर नाही. म्हणून फक्त आपल्या नावाच्या ओळीची नक्कल घेतली तर सगळ्यात मोलाची गोष्टच हातची जाते. गट जिथे सुरू होतो त्या पानापासून नक्कल मागा.

सीर म्हणजे मालगुजाराची घरची, कागदोपत्री राखून ठेवलेली जमीन. ती कुळाला लावली तरी कुळाला तिच्यावर मौरूसी (वारसाने चालणारा) हक्क मिळत नसे. खुदकाश्त म्हणजे मालगुजार सध्या स्वतः कसतो, पण सीर म्हणून नोंद न झालेली. दोन्हींत फरक मोठा आहे. सीर कसणारा माणूस वीस वर्षे राबला तरी कागदावर उपराच राहतो.

मालिक-मकबुजा हा मालगुजार नव्हे, पण आपल्या तुकड्याचा पूर्ण मालक. जमीन विकू शकतो, गहाण टाकू शकतो. फक्त सरकारी जमा लंबरदारामार्फत (हिस्सेदारांच्या वतीने जमा भरणाऱ्यामार्फत) भरतो, आणि लंबरदाराला त्या वसुलीबद्दल 'हक-उल-तहसील' मिळते. पहिल्या बंदोबस्तात ज्याच्या नावासमोर मालिक-मकबुजा आहे, त्याची वहिवाट भोसलेकाळापासूनची पक्की होती असे धरायला हरकत नाही.

त्याखाली कायद्याने ज्याला अ‍ॅब्सोल्यूट ऑक्युपन्सी म्हटले तो वर्ग. याचा लगान बंदोबस्ताच्या मुदतीसाठी बांधलेला. जमीन विकता येते, पण आधी मालगुजाराला विचारावे लागते. त्याच्या खाली मौरूसी. याचा हक्क वारसाने चालतो, पण विकण्यावर बंधने. मौरूसी हक्क मिळण्याची वाट मात्र काळाप्रमाणे बदलत गेली. 1859 चा दहावा कायदा मध्य प्रांतात लागू झाल्यावर बारा वर्षे सलग वहिवाट केली की हा हक्क लागत असे. मालगुजार मग बारावे वर्ष भरण्याआधी वावर बदलून देऊ लागले. 1883 च्या कूळ कायद्याने बारा वर्षांचा नियम काढला आणि साधारण कुळाला (ज्याला वरचा कुठलाच हक्क नाही अशाला) वर्षाच्या लगानाच्या अडीचपट रक्कम देऊन मौरूसी हक्क विकत घेण्याची सोय केली. समजा खात्याचा लगान 7 रुपये 8 आणे. तर हक्काची किंमत 18 रुपये 12 आणे. आज आकडा लहान दिसतो. पण तेव्हा ही रक्कम लगान भरून, बियाणे आणि बैल सांभाळून वर काढायची होती, तीही एका हंगामात. म्हणून साधारण कुळांच्या याद्या लगेच रिकाम्या झाल्या नाहीत. पुढे 1920 च्या कायद्याने साधारण कुळांनाही मौरूसी हक्क दिला. सीर कसणारे बाहेरच राहिले.

शेवटी शिकमी, म्हणजे कुळाचे कूळ. नाव बहुतेक वेळा खसऱ्यात असते, जमाबंदीत नसते. गावातले भूमिहीन आणि कमी जमिनीचे लोक शोधायचे असतील तर खसराच चाळावा लागतो.

दोन सापळे नीट लक्षात ठेवा. पहिला: 1898 च्या कायद्यानंतर मालगुजाराचा गावातला हिस्सा विकला गेला किंवा लिलावात गेला तरी सीर जमिनीवर तो सहसा मौरूसी कूळ म्हणून राहत असे. म्हणून तिसऱ्या बंदोबस्तात मौरूसी दिसणारा माणूस दुसऱ्या बंदोबस्तातला मालगुजार असू शकतो. दुसरा: 1951 ला मालगुजारी गेली तेव्हा मालगुजारांची घरची जमीन त्यांच्याकडे मालिक-मकबुजा हक्काने राहिली. त्यामुळे 1954-55 च्या आसपासच्या कागदात मालिक-मकबुजा दिसला म्हणजे तो जुनाच असेल असे नाही. मागच्या मिसलीत वर्ग पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. संहितेनंतर मालिक-मकबुजा भूमिस्वामी झाले, मौरूसी भूमिधारी झाले. आजच्या कागदांत वर्ग 1 आणि वर्ग 2 यांचा घोळ होतो त्याचे मूळ पुष्कळदा इथे सापडते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या कूळ कायद्याची सवय असलेला माणूस हे कागद वाचताना हमखास चुकतो. तिकडे 'कूळ' म्हटले की सातबाऱ्यावरच्या इतर हक्कातली नोंद डोळ्यासमोर येते. इथला मौरूसी त्यापेक्षा फार घट्ट रोवलेला होता.

आणे, पै आणि डिसमिल

गाव 16 आण्यांचे. आणा 12 पैंचा, म्हणजे पूर्ण गाव 192 पै. एखाद्या हिस्सेदारासमोर 5 आणे 4 पै असेल तर 64 पै, म्हणजे एक तृतीयांश: तीन भावांत वाटणी झालेली. 2 आणे 8 पै म्हणजे 32 पै, एक षष्ठांश. हा हिस्सा मालगुजारीच्या हक्कातला आहे, एकरांतला नाही. 2 आणे 8 पैंच्या हिस्सेदाराला गावाच्या एक षष्ठांश जमीन मिळाली असे कोणी सांगत असेल तर थांबवा. त्याला कुळांच्या लगानातून सरकारी जमा वजा जाता उरणाऱ्या नफ्याचा एक षष्ठांश मिळायचा. घरची सीर वेगळी लिहिलेली असते.

क्षेत्राची चूक याहून महाग पडते. मध्य प्रांताच्या कागदात एकराचे 100 डिसमिल होतात, 40 गुंठे नव्हे. 3.25 म्हणजे सव्वातीन एकर, 3 एकर 10 गुंठे, साधारण 1.315 हेक्टर. हेच कोणी 3 एकर 25 गुंठे वाचले तर 15 गुंठे जास्त धरले जातात आणि भावकीत भांडण उभे राहते. अडीच डिसमिलांचा एक गुंठा, एवढे पाठ ठेवा. वऱ्हाडातल्या कागदांत मात्र गुंठेच येतात. सोयरिकीतल्या जमिनी दोन्हीकडे असतील तर प्रत्येक कागदावर एकक लिहून ठेवा.

लगान आणि जमा हे शब्द वेगळे आहेत. कूळ मालगुजाराला देते तो लगान. मालगुजार सरकारला देतो ती जमा. एकरी दर काढायचा असेल तर लगान घ्या. 12.40 एकराला 7 रुपये 8 आणे म्हणजे एकरी जेमतेम 9 आणे 8 पै. मग माती पाहा. काळी, मोरंड, खरडी, बरडी हे नागपूरकडचे नेहमीचे प्रकार. काळी आणि मोरंड गव्हाला चांगली, बरडी खडकाळ आणि हलकी. दुसऱ्या बंदोबस्तात मातीचा प्रकार आणि वावराची जागा पाहून गुण देत आणि त्या गुणांवर लगान बांधत. खोलगट लवण, उंच पठार, बांध घातलेली बंधी, यांचे गुण वेगळे. बरडीवर मोरंडीइतका लगान दिसला तर नुसता 'जुलूम' म्हणून पुढे जाऊ नका. वावर गावठाणाला लागून आहे का, खत-पाणी मिळत होते का ते नकाशावर तपासा. तसे काहीच नसेल तर मग तो शब्द वापरायला हरकत नाही.

नावे आणि आखूड अक्षरे

'वल्द' म्हणजे मुलगा, 'जौजे' म्हणजे बायको, 'बेवा' म्हणजे विधवा. 'सा. देह' म्हणजे याच गावचा राहणारा; 'सा.' पुढे दुसऱ्या गावाचे नाव असेल तर शेतकरी बाहेरचा, आणि घराण्याचे मूळ गाव शोधायला हा धागा फार उपयोगी. 'फौत' म्हणजे मृत. 'राजीनामा' म्हणजे नोकरी सोडणे नव्हे. कुळाने वावर मालगुजाराला परत केले. 'बेदखल' म्हणजे काढून टाकले. 1890 च्या दशकाच्या शेवटी राजीनामे दाट दिसले तर त्यात दुष्काळ आहे. बैल मेले, बियाणे खाल्ले गेले, लगान थकला, आणि माणसाने वावर सोडून दिले.

लंबरदार, मालगुजार आणि मुकादम ही तीन वेगळी नावे आहेत. लंबरदार हिस्सेदारांच्या वतीने जमा भरतो. गाव भोसले, चिटणवीस किंवा बुटी अशा नागपुरातल्या घराण्याकडे असेल तर मालक गावात राहत नसे. तिथला कारभार मुकादम-गुमास्ता पाही. सगळ्या कागदांवर सही त्याची, म्हणून तो मालक होत नाही.

जुने कागद मोडी लिपीत असले तर अंदाजाने शब्द लावून वाचू नका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ धरत नाहीत, शब्द तोडत नाहीत, आणि आडनाव अनेकदा नसतेच. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि आकडे स्वतः पुन्हा जुळवा. प्रत्येक खात्याची बेरीज गावाच्या एकूण क्षेत्राशी बसली पाहिजे. फसली सन (महसुली वर्ष) आला तर त्याच कागदावरच्या शकाशी किंवा इसवी सनाशी मेळ घाला, कारण दख्खनी फसली आणि उत्तरेकडचा फसली यांत दोन वर्षांहून थोडे जास्त अंतर आहे.

जातीच्या पुराव्यासाठी मिसल काढणाऱ्यांनी जातीचा रकाना जसा आहे तसाच उतरवून घ्यावा. अक्षर पुसट असेल तरी त्यावर पेन फिरवू नये. खाडाखोड दिसली की चांगला पुरावा बाद होतो. मिसलीत नाव नसेल तर कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद पाहावी. शेतमजुराचे नाव जमिनीच्या कागदात नसते, तिथे मात्र असते.

वाजिब-उल-अर्ज

गावाचा रिवाज लिहिलेला हा कागद. गुरे कुठे चरतील, जळण आणि नांगराचे लाकूड कुठून घ्यायचे, तलावाचे पाणी कोणत्या वावराला आधी, पांदण कुठून जाते, गावठाणात घराची जागा कोणाला, महुआ-आंब्याची झाडे कोणाची, मेलेल्या ढोराची कातडी कोणाची: सगळे इथे. एकोणिसाव्या शतकातल्या कास्तकाराचा दिवस कसा जात असेल ते याच पानांतून कळते. लगानाच्या आकड्यातून ते कळत नाही.

आजही याचा उपयोग होतो. पांदण अडवली, आखराची (गुरे गोळा करण्याची) जागा कोणी घेतली, बोडी (लहान तळे) बुजवली, अशा तंट्यांत निस्तार पत्रकासोबत (चराई, जळण अशा गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांच्या नोंदीसोबत) हा कागद लावता येतो. गुरचरण, झुडपी जंगल, माजी मालगुजारी तलाव या जमिनी 1951 ला शासनाकडे गेल्या. पण गावकऱ्यांचा निस्तार त्यांवर आधीपासून होता, आणि तो इथे कलमवार लिहिलेला सापडतो. वाचताना तीन गोष्टी टिपा: जागेचा खसरा नंबर, हक्क कोणाला (सगळ्या गावाला, फक्त कास्तकारांना, की ठरावीक वस्तीला), आणि त्याबद्दल काही द्यावे लागे का. तिसरी गोष्ट लोक विसरतात. 'मालगुजाराच्या परवानगीने' असे शब्द असतील तर तेही जसेच्या तसे उतरवा, कारण समोरचा पक्ष नेमके तेच दाखवतो.

नक्कल घेताना वाजिब-उल-अर्ज पूर्ण घ्या. पहिल्या पानावर गावाचे वर्णन असते आणि शेवटी हिस्सेदारांच्या सह्या-अंगठे असतात. मधली चार कलमे सुटी आणली तर ती कोणत्या गावाची हेच सिद्ध करता येत नाही.